दस्तूच्या गालातली जागा

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की लोकांना काय काय आठवतं. कुणाला मामाचं गाव, कुणाला काकवी-भाकरी, कुणाला फडात हरवलेली चप्पल. मला एका माणसाचा गाल आठवतो. तोही आतून. डाव्या बाजूचा.

काल शिरोलीहून उचगावला घरी येताना एका ट्रॅक्टरच्या मागं अडकलो. दोन ट्रॉल्या, त्यांवर जोतिबाच्या डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरनं लावलेलं गाणं एवढ्या आवाजात की पलीकडच्या गावातल्या म्हशी आटल्या असतील. पुढं जायला वाट नाही. तेवढ्यात वारं फिरलं आणि कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास आला. चिपाडांचा धूर, त्यात उकळत्या रसाचा गोडसर, जरासा करपट दर्प. झालं. जीभ आपोआप डाव्या गालाकडं गेली. गाल माझा, आठवण दस्तूची आणि चरफड विलासवरची.

दस्तगीर, म्हणजे आमचा दस्तू, शिरोली एमआयडीसीत पॅटर्न करायचा. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो लाकडी आकार दाबून काढतात, तो पॅटर्न. दस्तूचा हात असा की सागवानाचा ओंडका त्याला बघून स्वतःच अर्धा तासला जायचा. त्याच्या शेजारच्या शेडमध्ये माझं जिगचं काम. जिग म्हणजे सांगाडा. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, त्यात बसवायचं आणि ठरलेल्या भोकातून ड्रिल सोडायचं, म्हणजे कितीही नग आले तरी भोक त्याच जागी पडतं. माझ्या जिगमध्ये डोळ्याला फडकं बांधून ड्रिल मारलं तरी चुकत नसे, असं मी सांगत असे. कुणी फडकं आणलं नाही, हे बरं झालं.

दस्तूकडं एक पट्टी होती, आणि ती खोटी होती. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वाढीव असते. तिच्यावरचा इंच सरकारी इंचापेक्षा केसभर मोठा. मला त्या पट्टीचं भारी कौतुक. मी बोलतो तोही त्याच पट्टीनं. ऐकणाऱ्याच्या कानात गोष्ट थंड होताना आकसते, म्हणून मी आधीच थोडी मोठी ओततो. लोक मला थापाड्या म्हणतात. म्हणू देत. त्यांना आकसणं माहीत नाही.

तर दस्तूचा गाल. त्या डाव्या गालात तो तंबाखूचा बार धरायचा. गाल कसला, गोडाऊन होतं ते. बार बदलला की शिफ्टचा भोंगा वाजला असं समजून शेजारच्या शेडमधली माणसं डबे उघडायची.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. हंगाम सुरू झाला की आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र एका गुऱ्हाळावर जायचो. मी, दस्तू आणि विलास. विलास राजारामपुरीत दातांचा आणि तोंडाचा डॉक्टर झालेला. दवाखान्यात पेशंटसमोर मी त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचो, गुऱ्हाळावर ‘विल्या’. गुऱ्हाळ त्याच्याच चुलतभावाचं. काहील, म्हणजे रस उकळायची ती अजस्र कढई, उतरली की गूळ करणारा गुळव्या उसाच्या कांडक्यावर गरम गूळ लावून आमच्या हातात द्यायचा. तो गूळ खायची एक रीत असते. फुंकर मारायची, दातानं ओढायचा, जिभेवर फिरवायचा आणि डोळे मिटायचे. त्या वर्षी दस्तूनं डोळे मिटले आणि पुढच्या क्षणाला असा उडाला की अजून थोडा उडाला असता तर काहिलीत पडून आम्ही त्याचीच ढेप पाडली असती.

“काय गा, भाजलं?” मी म्हणालो.

“भाजलं न्हाय. झोंबलं.”

“गूळ झोंबतोय व्हय कुणाला? मिरची खाल्लीस काय?”

विलास हसता हसता थांबला. “आ कर,” म्हणाला.

“हितं?”

“हितंच. आ कर म्हणतोय न्हवं.”

चुलवाणातल्या जाळाच्या उजेडाकडं त्याचं तोंड वळवून विलासनं आत बघितलं. बराच वेळ बघितलं. गालाला आतून चुना फासल्यागत पांढरा पट्टा होता. विलासनं हातातलं कांडकं खाली ठेवलं. “सकाळी दवाखान्यात ये,” एवढंच बोलला. त्या दिवशी काकवी कुणी भरून घेतली नाही.

त्या पट्ट्याचे तीन ठिकाणचे बारीक तुकडे तपासायला गेले. रिपोर्ट मोठ्या शहरातून यायचा, त्याला वेळ लागायचा. आला तेव्हा दोन तुकडे साधे होते. तिसऱ्यात पेशी बिघडायला लागल्या होत्या. पसरलं नव्हतं. तेवढी जागा, भोवतालच्या थोड्या कडेसह, काढून टाकली की दस्तू मोकळा. आम्ही इतके खूश झालो की मी दवाखान्याच्या जिन्यावरच मिसळीची ऑर्डर देत होतो. दस्तू खुर्चीत आडवा झाला. विलासनं दिवा ओढला, आरसा आत घातला. मग आरसा बाहेर काढला. पुन्हा घातला.

“काय झालं?” मी विचारलं.

“सापडंना.”

“काय सापडंना?”

“जागा.”

तोंडातली जखम फार लवकर भरते. तळ्यात खडा टाकल्यावर पाणी मिटतं, तशी मिटते. पांढरा पट्टा होता तसाच, पण तुकडे कुठून काढले त्याच्या खुणा गेल्या होत्या. विलास कपाळ चोळत म्हणाला, “लिहून ठेवलंय की मी. गाल डावा, मागच्या बाजूला. पर ह्याची मागची बाजू म्हंजे किती? ह्याचा गाल हाय का खासबाग मैदान?”

“सगळाच काढ की मग.”

“सगळा काढला तर आवळून धरंल. पुन्हा तोंड उघडायचं न्हाय त्याचं.”

दस्तू उठून बसला. “म्हंजे ते माझ्याच गालात हाय, आणि कुठं ते कुणालाच ठावं न्हाय?”

त्याचा तो चेहरा माझ्याच्यानं वाढवून सांगवत नाही.

विलास माझ्याकडं वळला. “मिल्या, तुझा त्यो ड्रिलचा सांगाडा. तोंडात बसंल असा करशील?” ही कल्पना विलासची होती. त्याचं श्रेय मी त्याला देतो, आणि साध्या पट्टीनं देतो.

मग सुरू झालं आमचं खूळ. दोन्हीकडच्या दाढांवर बसेल अशी एक पन्हळ, तिच्यात मऊ मेण, म्हणजे ज्याच्या त्याच्या दातांचा ठसा उमटेल. पन्हळीला चिकटून दोन्ही गालांच्या बाजूला एकेक पातळ पाकळी, तिच्यात ओळीनं बारीक भोकं. तुकडा काढला त्या भोकाचा नंबर टिपायचा. पुन्हा कधी बघायचं झालं की तेच साधन त्याच दाढांवर बसवायचं. तेच भोक, तीच जागा. सगळं कवळीच्या गुलाबी प्लॅस्टिकचं. एका प्लेट मिसळीच्या भावात व्हावं, हा विलासचा हट्ट.

पण गाल म्हणजे लोखंड नव्हे. विलास पाकळीतून गालावर जांभळा ठिपका द्यायचा, साधन काढायचा, पुन्हा बसवायचा, आणि ठिपका भोकातून निसटून शेजाऱ्याच्या घरात गेलेला असायचा. तोंड जरा जास्त उघडलं की गाल ताणायचा, कमी उघडलं की सैल पडायचा. मी जिगला शिव्या दिल्या, विलासनं मला दिल्या. दस्तूचे ओठ जांभळे, दात जांभळे. रस्त्यात लोक त्याला विचारायचे, पावणं, दऊत प्यालाय काय? शेवटी वैतागून तो त्याच्या शेडमध्ये गेला आणि सागवानाचा एक ठोकळा तासून घेऊन आला. “दर बारीला ह्यो दातात धरायचा. म्हंजे तोंड तेवढंच उघडंल. न कमी, न जास्त.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “लई जणांच्या तोंडाला असला ठोकळा पायजे. पैल्यांदा तुझ्या.”

त्यानंतर ठिपका भोकात बसला तो बसलाच. दस्तूची एक अक्कलदाढ बाहेरच्या अंगाला वाकलेली. तिथं पन्हळ घासत होती, म्हणून मी कानशीनं चंद्रकोरीसारखी एक खाच पाडली. पाकळीच्या भोकांतून पुन्हा तुकडे गेले, रिपोर्ट आला, कुठल्या भोकाखाली वाईट आहे ते कळलं, आणि हंगाम सरायच्या आत विलासनं तेवढीच जागा नेमकी काढली. विलासचा हात देवाचा होता. हे मला आजही म्हणावं लागतं, हीच तर पंचाईत आहे.

त्या हंगामात दवाखान्यात ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बायका यायच्या. वर्षानुवर्षं मशेरी लावलेल्या. त्यांचं दुखणं दस्तूपेक्षा अवघड होतं. तुकडा इथं काढावा, रिपोर्ट येईपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर, पुढं तिसऱ्या जिल्ह्यात. तिथला डॉक्टर नवा आणि गाल भरून आलेला. विलासनं अशाच एकीला तिचं साधन धुऊन हातात दिलं. म्हणाला, “मावशी, हे जपा. कुठंही गेलात तरी तिथल्या डॉक्टरला हे दाखवायचं.” तिनं ते उलटंपालटं करून बघितलं. “म्हंजी माझी जागा माझ्यापाशीच ऱ्हायली म्हना की,” म्हणाली आणि पदराच्या गाठीत बांधून निघून गेली. विलासचे डोळे भरून आले होते. मी बघितलेत. ते पाणी खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

हंगामाच्या शेवटच्या काहिलीला आम्ही पुन्हा गुऱ्हाळावर गेलो. दस्तूनं गूळ उजव्या गालात धरला. तंबाखूची पिशवी त्यानं त्या आधीच चुलवाणात टाकली होती. तिचा असा ठसका उठला की रुकडीपर्यंत माणसं शिंकली. तिथं विलास बोलला, “हे साधन गावोगाव जायला पायजे. नाव तिघांचं. साचा दस्तूचा.” दस्तूनं लहान, मध्यम, मोठा असे तीन मापांचे सागवानी पॅटर्न करायला घेतले, आपल्या वाढीव पट्टीनं, कारण प्लॅस्टिकही आकसतं. मी विलासला समजावलं, “नगावरनं नग काढायचा न्हाय. नगावरनं काढला की आकसतो आणि कुणालाच बसत न्हाय. काढायचा तर पॅटर्नवरनं.”

“कळलं लेका. कितींदा सांगशील?” विलास बोटं चाटत म्हणाला. दस्तूच्या तोंडातलं ते पहिलं साधन त्यानं डॉक्टर लोकांना दाखवायला म्हणून शर्टाच्या खिशात टाकलं.

मग पाऊस आला, गेला. हंगाम आला, गेला. तीन पॅटर्न दस्तूच्या ट्रंकेत जुन्या लुंगीत गुंडाळलेले. विचारलं की विलास म्हणायचा, बघतोय, बोलणी चालू हायत. दवाखान्याला काच आली, थंडगार मशीन आलं, बाहेर चपला काढायची पाटी आली. गुऱ्हाळावर यायला त्याला सवड होईना. मी दस्तूला म्हणायचो, मोठ्या कामाला वेळ लागतो.

काही वर्षांनी दस्तूच्या उजव्या गालात पांढरं दिसलं. विलास परगावी गेलेला. मी दस्तूला घेऊन दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टरीण पोरसवदा, पण मायाळू. तिनं ड्रॉवरमधून एक खोका काढला, खोक्यातून एक साधन. पांढरंशुभ्र, चकचकीत, पन्हळ आणि भोकांची पाकळी. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायलाच विसरलो. तिनं ते दस्तूच्या दाढांवर ठेवलं.

“काका, अजून थोडा आ करा. बसत नाहीये.”

दस्तूनं ते तोंडातून काढलं आणि दिव्यासमोर धरलं. कडेला चंद्रकोरीसारखी खाच.

“मिल्या,” तो म्हणाला, “ह्यो माझा दात हाय.”

“ती खाच लाळ वाहून जायला असते, काका,” डॉक्टरीण म्हणाली. “आतल्या पत्रकात लिहिलंय तसं.”

“लाळ न्हवं वो बाई. अक्कलदाढ. वाकडी हाय माझी. बगा.” आणि त्यानं आ केला. तिनं एकदा तोंडात बघितलं, एकदा हातातल्या साधनाकडं, आणि जवळचं स्टूल ओढून बसली.

नगावरनं नग काढला होता. माझ्या कानशीची खाच सगळ्या मुलखात गेली होती, आणि साधन आकसलं होतं. मोठ्या जबड्याला बसत नव्हतं, लहान जबड्यात डुगडुगत होतं. बसलं तरी पाकळी सरकायची, भोकाखालची जागा बदलायची. ठोकळा तर खोक्यात नव्हताच. “खरं सांगू का,” ती म्हणाली, “आम्ही हे वापरत नाही. कल्पनाच फसवी आहे म्हणतात सगळे.” खोक्यावर एकच नाव होतं. विलासचं.

दस्तू परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलला. “माझंच तोंड, आणि मलाच बसंना.” उजव्या गालातलं साधं निघालं, एवढं एक बरं.

विलास परत आल्यावर मी राजारामपुरीत गेलो. जिना चढतानाच असा आवाज लावला की बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या निसटल्या. विलासनं सगळ्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं, माझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. मी ठरवून गेलेलो की नावावरून भांडायचं. पण त्याला समोर बघितल्यावर नाव आठवलंच नाही. पदराच्या गाठीत ते गुलाबी साधन बांधणारी ती बाई आठवली.

“नाव ऱ्हाऊ दे,” मी म्हणालो. “साचा का न्हेला न्हाईस?”

तो आपल्या बोटांकडं बघत म्हणाला, “साचा मागायला आलो असतो तर तुम्हाला सांगायला लागलं असतं.”

“आकसणार हे ठावं हुतं न्हवं तुला?”

“हुतं.”

एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या खोलीतून गप्प बाहेर पडलो. जिन्यावर कवळ्या नीट बसवत म्हातारे मला वाट देत होते.

त्याआधी कितीतरी दिवस मी जागा शोधत होतो. फसवणुकीलाही एक जागा असते, आणि ती वरून लवकर भरते. बाहेरून सगळं गुलाबी आणि गुळगुळीत. हा माणूस नेमका कुठं बिघडला? साधन खिशात टाकलं तेव्हा? काचेचं दार आलं तेव्हा? की शाळेत माझं चित्र स्वतःचं म्हणून गुरुजींना दाखवलं होतं तेव्हाच? जीभ फिरवत राहायचो, जिभेला काही लागायचं नाही. त्या दिवशी त्यानं स्वतः बोट ठेवून दाखवलं. नाव घेतलं ते मी पचवलं असतं. आमच्या धंद्यात कुणाचा जिग कुणाच्या नावानं चालत नाही? पण आम्हाला तोंड दाखवायला नको म्हणून त्यानं हजार तोंडांत खोटं माप बसू दिलं. ती जागा.

आणि आता माझ्यावरचा दुसरा घात ऐका. दस्तू अजूनही विलासकडंच जातो. दर हंगामाला, गाल दाखवायला.

“लाज न्हाय वाटत?” मी विचारलं.

“गाल कुणाचा हाय?”

“तुझा.”

“मग? हात चांगला हाय त्याचा.”

“आणि माझ्या बाजूनं कोण?”

“तुझ्या बाजूनं तू एकटाच धा माणसांचा आवाज काढतोस की,” म्हणाला. मला न विचारता त्यानं माफ करून टाकलं होतं. एकानं नेलं ते नेलं, दुसऱ्यानं सोडून दिलं. मधे मी, माझा राग धरून, कुणीच न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

तरी त्याला स्कूटरवरून नेतो मीच. आज सकाळीही नेला. तो वर जातो, मी खाली स्कूटरवर बसतो. समोरच्या क्लासची पोरं येतात-जातात, रिक्षावाले हॉर्न मारतात, मी वरच्या काचेकडं बघत नाही. बघत नाही हे वरून दिसावं अशा बेतानं बसतो. आज दस्तू खाली आला आणि भर रस्त्यात माझ्यापुढं आ करून उभा राहिला.

“बघ. सवच्छ हाय म्हणतोय.”

चष्मा वर करून मी वाकलो. येणारेजाणारे थबकून बघायला लागले. डावा गाल आतून पोराच्या गालासारखा. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

“कुठं हुतं रं ते?”

“मला बी आता आठवंना,” तो तोंड मिटत म्हणाला. मग खिशातून कागदाची पुडी काढली. “हे घे. विल्यानं दिलाय. भावाच्या गुऱ्हाळाचा. नवा गूळ.”

“मला नको.”

“गूळ काय त्यानं तुझ्या नावाचा चोरलाय व्हय? खा की.”

स्कूटर सुरू करायच्या आधी मी खडा तोंडात टाकला. डाव्या गालात धरला. माझ्या गालात काही नाही, घरी जाऊन आरशात टॉर्च लावून बघितलंय. मी तंबाखूला कधी शिवलेलो नाही. गूळही गार होता.

साध्या पट्टीनं सांगतो. झोंबला.